क्लायस्ट्रॉनला हात न लावणारी मुलगी

हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मायक्रोवेव्ह शिकवते. लॅबमध्ये मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या क्लायस्ट्रॉनची आता एकच नळी चालू आहे. दुसरी मागच्या सत्रात अळणावर गावच्या एका मुलीच्या हातून गेली. आधी इलेक्ट्रॉनना मागे फिरवणाऱ्या रिपेलरचं व्होल्टेज पूर्ण चढवायचं, मग त्यांना पुढे ढकलणाऱ्या बीमचं, हा तिथला पहिला नियम. तिने गडबडीत उलटं केलं. परत फिरवणारं कुणी नाही म्हटल्यावर इलेक्ट्रॉन थेट रिपेलरवरच जाऊन आदळले.

तेव्हापासून ती बटणांना शिवतच नव्हती. जोडीदारीण काम करायची, ही नुसती बघत राहायची. पण प्रात्यक्षिक परीक्षेत नळी एकटीनेच चालवावी लागते, आणि परीक्षा तोंडावर आलेली. या वर्षी बसत नाही असं घरी सांगून टाकलंय, असं ती मला जिन्यात म्हणाली. मला रागच आला. एका नळीपायी वर्ष घालवायचं?

दुपारी तिला लॅबमध्ये धरूनच आणलं. आत काय घडतं ते विचारलं, तर पुस्तकातलं घडाघडा म्हणून मोकळी. मी म्हटलं, ते राहू दे, आमच्या घरचं ऐक. आमचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. रविवारी सकाळी घरचे फिरायला निघतात. अप्पा आधी निघतात आणि तरातरा लॅमिंग्टन रोडच्या टोकापर्यंत जातात. मागून काका, बेताबेताने. आई सगळ्यात शेवटी, आणि गुडघे कुरकुरतात म्हणून कोपऱ्यावरूनच वळते. तरी चहाला तिघंही एकदमच दारात हजर! इलेक्ट्रॉनचंही तसंच. आधी निघालेले वेगाने लांब जाऊन वळतात, मागचे संथ जवळूनच वळतात, आणि सगळे घोळक्याने नळीतल्या पोकळीत, म्हणजे त्यांच्या घरी, परततात. तिथे ते आपली ऊर्जा देतात, तेच आपलं मायक्रोवेव्ह.

ती पहिल्यांदा हसली. मग रिपेलर नसेल तर कुणी घरीच येत नाही, असं स्वतःशीच पुटपुटली. त्या दिवशी काय चुकलं ते तिला आज खरं कळलं होतं.

तिने नळी गार ठेवणारा पंखा लावला. रिपेलर पूर्ण चढवला, चढलाय ना ते पुन्हा पाहिलं, मग बीम. खोटं कशाला सांगू, माझा जीव टांगणीला लागला होता. ही नळी गेली असती तर ती मुलगी पुन्हा लॅबची पायरी चढली नसती. आता रिपेलर हळूहळू उतरवायचा. वाटेत दोन-तीन ठिकाणी नळी लहरी देते आणि मीटरचा काटा चढतो, ती ठिकाणं शोधणं हीच परीक्षा.

काटा हलला, चढला आणि पुन्हा खाली आला. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. तिने तो हळूच बाजूला केला.

"राहू द्या की मॅडम. पुढं आणि एक असतंय, मीच हुडकते."