पडवीतला एमरीचा पट्टा

गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर सुरुवातीला मी घरातल्या इतक्या वस्तू दुरुस्त केल्या की शेवटी बायकोनं माझ्या हातातली पकड काढून घेतली. पंखा बरा चालला होता, तो मी उघडला आणि मग तो चालेना. नळ गळत नव्हता, तो गळायला लागला. गिरणीनं तुम्हाला एवढी वर्षं कसं ठेवून घेतलं, असं तिनं अगदी शांतपणे विचारलं. मग मी ठरवलं, आता काहीतरी नवीनच करायचं, म्हणजे चांगलं चाललेलं बिघडायची भीती नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात आमच्या गल्लीत विळीला धार लावायची म्हणजे सायकलवर दगड घेऊन फिरणाऱ्या माणसाची वाट बघायची, आणि तो यायचा नेमका सगळ्या बायका पाणी भरायला गेलेल्या असताना. शिवाय त्याचा गोल दगड पात्याला खड्डा पाडायचा. मला हवं होतं पट्ट्याचं ग्राइंडर. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून पळणारा एमरी कापडाचा, म्हणजे घासायच्या खरखरीत कापडाचा पट्टा, आणि खालच्या चाकाला मोटर. पट्टा मऊ लागतो, त्यामुळे पातं सारखं घासलं जातं. आमच्या वर्कशॉपात असलं एक मशीन होतं आणि त्यावर माझा फार जीव होता.

मागच्या पडवीत बायकोच्या शेगड्या, गोवऱ्या आणि लोणच्याच्या बरण्या होत्या. त्यातला एक कोपरा मी मागून घेतला. मोडक्या लोखंडी बाजेचे अँगल कापून सांगाडा केला. मोटर भंगार बाजारातून आणली, ती चालू केली की आधी विचार करायची आणि मग फिरायची. चाकंही तिथलीच, ती ओळखीच्या लेथवाल्याकडून मधे जराशी फुगीर करून आणली, म्हणजे पट्टा घसरत नाही. एवढं सगळं जमलं. मग लक्षात आलं की पट्टाच नाही. तयार पट्टा सोलापुरात कुठं मिळेना. एमरी कापड मिळायचं ते लांब तागा. त्याची पट्टी कापायची आणि दोन टोकं जोडायची.

पट्टा जोडायचा म्हटल्यावर मला एकच माणूस आठवला.

आमच्या गिरणीत पूर्वी छताखालून लांबच्या लांब शाफ्ट फिरायचा आणि प्रत्येक सांच्यावर, म्हणजे मागावर, त्याच्यावरून कातडी पट्टा उतरायचा. हे पट्टे शिवायचं काम माझ्या मित्राकडं होतं. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलायचा आणि टाकेही तेलुगूतच मोजायचा. पट्टा तुटला की हा आरी आणि कातड्याची वादी घेऊन यायचा, मांडी घालून बसायचा आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, डोक्यावर उभा राहून कितीही ओरडला तरी घाई करायचा नाही. त्याचा नियम एकच होता. गाठ बाहेरच्या अंगाला, पुलीला ती दिसतासुद्धा कामा नये. शिवून झालं की आपल्याला डोळे मिटायला लावून पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून आपला अंगठा फिरवायला सांगायचा. सांधा अंगठ्याला सापडला तर तो सगळं उसवायचा आणि पुन्हा शिवायचा.

मग प्रत्येक सांच्याला आपली आपली मोटर बसली, शाफ्ट उतरवला आणि पट्टे गेले. त्याला स्टोअरात बसवून मशीन पुसायच्या चिंध्या वाटायचं काम दिलं. माझ्या आधी वर्षभर तो निवृत्त झाला. त्याची सून एकदा मंडईत भेटली तेव्हा म्हणाली होती, काका, मामंजी दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात, ताट वाढलं तर अर्धं तसंच ठेवतात, आजार काही सापडत नाही. मला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं, पण भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाशी जाऊन काय बोलायचं ते मला कळलं नव्हतं. आता बोलायला पट्टा मिळाला.

मी गेलो आणि नुसतं सांगितलं की मशीन तयार आहे पण पट्ट्यावाचून अडलंय. त्यानं मान वळवली. रुंदी किती, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, आरीची पिशवी काखेत मारून दारात हजर.

एमरीला वादी जाड होते म्हणून त्यानं मेण लावलेला दोरा घेतला. ओठ हलवत टाके घातले, हातोडीनं ते चपटे केले आणि ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ मधोमध मारली. बाहेरच्या अंगाला. पट्टा त्यानंच चढवला, मला हात लावू दिला नाही. मशीन रिकामं चालवलं तर आवाज कसा, एकसुरी. तो कानामागं हात धरून ऐकत राहिला, आणि मग मला म्हणाला, "फिटर, आयकतोस का? सांधा बोलत न्हाय." त्या दिवशी तो आमच्याकडं जेवला. बायकोनं शेंगाचटणी आणि भाकरी वाढली, आग्रह करकरून दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली, आणि त्यानं ती खाल्ली. ताटात काही उरलं नाही हे आम्ही दोघांनी बघितलं.

खंडेनवमी तोंडावर आलेली होती. त्या दिवशी गिरणीतली माणसं हत्यारांची पूजा करतात, गल्लीतल्या बायकाही विळ्या, अडकित्ते पूजेला मांडतात. बोथट पाती कोण पूजेला ठेवील? सगळ्यांनी धारेसाठी माझ्याकडं आणून दिली. मित्र घरी गेल्यावर मी मोठ्या तोऱ्यात पहिली विळी, बायकोचीच, पट्ट्याला लावली. गाठ आली, पात्याला थडकली, आणि विळी माझ्या हातातून सुटून लोणच्याच्या बरणीत घुसली.

बायकोनं आधी माझे हात बघितले आणि मग बरणीकडं बघितलं. हात शाबूत होते म्हणून बरणीबद्दल तिला मनमोकळं बोलता आलं.

चूक समजायला वेळ लागला नाही. गिरणीतल्या पट्ट्याचं सगळं काम आतल्या अंगाला, पुलीशी. बाहेरचं अंग नुसतं हवेत असतं, तिथं गाठ असली काय नि नसली काय. माझ्या मशीनचं सगळं उलटं, काम करायचं ते बाहेरच्या अंगानं. आम्ही दोघंही गिरणीत मुरलेले, त्याच्या हातानं सवयीनं गाठ बाहेर मारली आणि माझ्या डोळ्यांनी सवयीनंच ती बरोबर ठरवली. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराकडं लाकूड घासायचं असलंच मशीन होतं, त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "शिवतंय कोण ह्याला? टोकं तासायची, सरस लावायचा, रातभर दाबून ठिवायचं. झालं की."

म्हणजे शिवणाऱ्याचं कामच नव्हतं. हे मी मित्राला कसं सांगणार होतो? एकदा शाफ्ट उतरवून त्याला सांगून झालं होतंच. बायकोला विचारलं. ती विळी घासत होती, वर न बघता म्हणाली, "भावजी इथं येऊन जेवतात. तुम्हाला काय करायचं ते करा, पण त्यांना यायला लावा."

मग मी दोन्ही चाकं लेथवाल्याकडं नेली आणि चाकाच्या मधोमध गोल चर पाडून आणला, गाठ बसेल एवढा. मित्राला म्हटलं, या चाकांना भंगारात असल्यापासूनच चर आहे, मीच आंधळा, आधी दिसला नाही, तेव्हा गाठ आत मार, ती चरातून जाईल. त्यानं चरावरून बोट फिरवलं, नव्या कापलेल्या लोखंडाची चमक मी काजळी चोळून घालवली होती. मग पिशवीतून आरी काढली. पट्टा उलटा शिवला आणि मशीन सुरेख चाललं. गल्लीच्या विळ्या खंडेनवमीला झगझगीत होऊन पाटावर बसल्या, आणि त्यांच्या शेजारी त्याची आरी.

एक मात्र झालं. चराजागी पट्ट्याला मागून टेका नसल्यानं प्रत्येक पात्यावर एक बारीक, न घासलेली रेघ राहायची. बायका म्हणायच्या, ही फिटरमामांची सही. दुसरं म्हणजे वरचे टाके एमरीबरोबरच झिजायचे, आणि आठवडा-दहा दिवसांत पट्टा उसवायचा. म्हणजे त्याला पुन्हा यायला लागायचं, शिवायला लागायचं आणि जेवायला लागायचं. मशीनचा हा दोष मला फार आवडायचा. त्याची सून रस्त्यात भेटली तर लांबूनच हसायला लागली.

थंडी संपत आली तेव्हा तो एकदा कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आरीची पिशवी काखेत नव्हती. पाटावर बसून त्यानं कागद सोडला. आत एमरीचा पट्टा, न शिवलेला, सरसानं जोडलेला.

"सुताराकडं बसून शिकलो," तो म्हणाला. "शिवन लागत न्हाय ह्याला. तुला ठावं हुतं."

मी मोटरीकडं बघत राहिलो. ती बंद होती, तरी बघत राहिलो.

"आनि चर भंगारातला न्हाय," तो म्हणाला. "लेथची धार मला कळत न्हाय व्हय रं? लोकांच्या इळ्यांवर रेघ पडती. माझ्या एका गाठीपायी. बरं न्हाय ते. चाकं बदलून घे."

मला खरंच भीती वाटली. सरसाचा पट्टा महिनोन् महिने टिकणार. मग याला इकडं यायचं कारण काय राहणार? हा घरी जाणार आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार. चाकं राहू दे की, असं काहीतरी मी पुटपुटलो.

त्यानं ऐकलं नाही. पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "डोळं मिट."

मी डोळे मिटले. आतल्या अंगावरून अंगठा फिरवला, पुरी एक फेरी. मग बाहेरच्या अंगावरून, खरखरीत एमरीवरून. पुन्हा आतून फिरवला. सांधा सापडेना. डोळे उघडून उजेडात धरला तरी चटकन दिसेना. अशी टोकं त्या सुतारानंसुद्धा कधी तासली नसतील. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, सुतारानंच सांगितलंय, त्याच्या मशीनचे पट्टेही आता यानंच जोडायचे. आणि सरस आमच्याच पडवीत तापवावा लागणार, कारण सून वासाला वैतागलीय.

आतून आमच्या हिचा आवाज आला की त्या वासाला ती तरी राजी आहे असं कुणी समजू नये. पण आवाजात राग नव्हता.

मी मान खाली घालून चाकांचे नट सैल करायला लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते. तो उठला, हात धुतले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला. आजवर त्याच्या ताटात भाकरी टाकायची म्हणजे हिला आग्रह करावा लागायचा. त्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "वैनी, भूक लागलीया. भाकरी हाय का?"