सप्रेस आणि रिप्रेस

सुखदेव सोनवणे सरांच्या हाताखाली कोथरूडमधली कितीतरी मुलं इंग्रजी व्याकरणाला घाबरायची थांबली. वडील खडकीच्या कारखान्यात मजूर. छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी पोराला एकच सांगितलं होतं, शीक. सर शिकले, शाळेत मास्तर झाले, आणि निवृत्तीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये आयटीतल्या नोकरीसाठी खटपट करणाऱ्या इंजिनिअर मुलांचा वर्ग घेऊ लागले. त्यांचा स्वतःचा मुलगा प्रज्ञेश दोन हजार एकच्या सुरुवातीला अमेरिकेला गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये सरांच्या पत्नीला, राधाबाईंना, कर्करोग निघाला. तिकडे तेव्हा नोकरकपात चालू होती. प्रज्ञेशनं रजा मागितली तर पहिली गदा त्याच्यावर येईल, असं राधाबाईंच्या मनानं घेतलं. "अहो, त्याला कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "मी बरी झाले की सांगू."

सरांनी शब्द दिला. दर रविवारी सकाळी प्रज्ञेशचा फोन आला की ते खडकवासल्यात पाणी किती साठलं ते सांगायचे, आई विहारात गेलीय म्हणायचे. कधी राधाबाई स्वतः बोलायच्या. दोन वाक्यांत त्यांना धाप लागायची, मग सर हलकेच रिसीव्हर काढून घेऊन पुढचं हसत हसत बोलायचे. ऑक्टोबरात राधाबाई गेल्या.

प्रज्ञेश पोचला तेव्हा अंत्यविधी होऊन दोन दिवस झाले होते. तो रडला नाही. पुण्यानुमोदनाला भंतेजींसमोर ताठ बसून राहिला. परत निघताना दारात थांबून म्हणाला, "बाबा, नोकरी मी दुसरी शोधली असती. आई कुठून आणू?" त्यानंतर त्याचे फोन महिन्यातून एकदा, तेही कामापुरते.

सरांनी आठवड्याभरात वर्ग सुरू केला. डोळ्यांत टिपूस नाही. धीराचा माणूस, असं शेजारीपाजारी म्हणाले.

फेब्रुवारीत अक्षता नावाच्या विद्यार्थिनीनं शंका काढली. शब्दकोशात सप्रेस आणि रिप्रेस, दोन्हींपुढे 'दाबणे' दिलंय, मग फरक काय? सरांनी समजावलं, की सप्रेस जाणूनबुजून होतं. वर्गात हसू फुटलं आणि ओठ मिटून धरलं, ते सप्रेस. रिप्रेस म्हणजे इतकं खोल दाबलं, की काही दाबलंय याचाच आपल्याला विसर पडला.

"सर, एक वाक्य द्या ना," अक्षता म्हणाली.

सर फळ्याकडे वळले. 'ही रिप्रेस्ड' एवढं लिहिलं आणि हात थांबला. पाठ मुलांकडेच राहिली. आधी खांदे हलले, मग चार महिने न आलेलं रडू तीस मुलांसमोर आलं. अक्षतानं आपली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, आणि मुलं एकेक करून बाहेर गेली.

त्या रविवारी सकाळी सरांनी आपणहून प्रज्ञेशला फोन लावला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "तिचं ऐकलं, तुझा विचार केला नाही. मला तिच्यावाचून करमत नाही रे."

पलीकडून आवंढा गिळल्याचा आवाज आला. सर वाट पाहत राहिले.

"बाबा, मीटिंग आहे. नंतर बोलतो."

सर 'बरं' म्हणाले. तिकडे शनिवारची रात्र आहे, हे त्यांना ठाऊक होतं.