जरीवाल्यांच्या गल्लीतला शेवटचा हट्टी

बुखाऱ्यातल्या जरीवाल्यांच्या गल्लीत टोप्यांवर जरीकाम करणारा आता एकटा नियामत उरला होता. गल्लीच्या मधला पाण्याचा हौद रशियनांनी बुजवला तेव्हा तो शाळेत होता. पुढे रशियापासून देश वेगळा झाला आणि ज्यू शेजारी मिळेल त्या भावात घरं विकून गेले. उरलेल्यांना हॉटेलवाल्यांनी गटवलं. आता दिवसभरात पाहुण्यांच्या बॅगांची चाकं तेवढी वाजत.

बायको मुअत्तर कधीची मागे लागली होती. "लेकीच्या इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा आहे. नळाला गरम पाणी येतं. माझे गुडघे गेलेत हो."

"आणि मेलो म्हणजे? तिथं काळं कुत्रं तरी विचारेल का? इथं घराघरातल्या जनाज्याला मी खांदा दिलाय. आपलाही याच गल्लीतून जाणार."

खांदा देणारे केव्हाच पांगले होते, हे त्याला दिसत होतं. पण कबूल कोण करतो?

हिवाळ्यातल्या एका सकाळी पाणी तापवायला मुअत्तर अंगणात उतरली, बर्फावरून घसरली आणि गेलीच.

रिवाजाप्रमाणे नियामत कमरेला शेला बांधून दारात उभा राहिला. रडणं कानी पडलं की शेजाऱ्यांनी हातातलं टाकून यायचं, ही इथली रीत. आला तो फक्त समोरचा फर्रुख. बापाच्या घराचं त्यानं हॉटेल केलं होतं.

"काका, फार वाईट झालं. एक विनंती होती. पाहुणे नाश्त्याला बसलेत. मागच्या बोळातून नेलंत तर..."

"तुझ्या बापाला मी याच गल्लीतून नेलं, फर्रुख."

फर्रुख मान खाली घालून निघून गेला. माणूस मात्र एकही पाठवला नाही. घरात पुरुष दोनच, नियामत आणि जावई. दोघांनी जनाजा उचलायचा कसा? नियामतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कोपऱ्यावर बस थांबली. लेकीच्या इमारतीतले पुरुष उतरले आणि काही न विचारता त्यांनी जनाजा उचलला. गल्लीतून खांदे बदलत ते झपाझप निघाले.

नियामतनं शेजारून चालणाऱ्याला विचारलं, "तुम्ही हिला कसे ओळखता?"

"मुअत्तरआपांना? दर शुक्रवारी लेकीकडे आल्या की आमच्याकडे चहाला असायच्या. खालचा फ्लॅट आम्ही त्यांच्यासाठीच अडवून ठेवला होता. म्हणायच्या, म्हातारा हट्टी आहे, पण येईल."

नियामतला गल्लीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्यानं खांदा पुढे केला.

"राहू द्या काका," तो माणूस म्हणाला, "आम्ही आहोत ना."