आल्फ्रेडने निवडलेली हिच

कॅनडातल्या व्हिटबीच्या आल्फ्रेड परेराचं तोंड जन्मात कधी दुधाने पोळलं नव्हतं, तरी तो ताक फुंकूनच प्यायचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं त्याने एकच काम केलं. माल मोजायचा आणि बरोबर निघाला तरच शिक्का मारायचा. तीनदा मोजल्याशिवाय त्याचा शिक्का उठत नसे. ही सवय तो घरीही आणायचा आणि त्याची बायको आन्ना हसून सोडून द्यायची.

२०१० च्या मे महिन्यात आन्नाच्या पाठीच्या हाडांत कॅन्सर निघाला. हा उन्हाळा तेवढा हातात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. आन्ना वसईच्या किनाऱ्यावर वाढलेली. घरापासून दहा मिनिटांवर लेक ओंटारिओ पसरलेलं होतं, पण बिनमिठाच्या पाण्याला ती कधी समुद्र मानायला तयार नव्हती.

"अहो, एकदा नोव्हा स्कोशियाला, खऱ्या समुद्रावर घेऊन चला," ती म्हणाली. "वाटेत झोपायला कॅम्पर आहेच."

गाडीमागे ओढायचं ते चाकांवरचं छोटं घर होतं खरं. पण कॅम्पर जोडला की पिकअपचं मागचं अंग खाली बसायचं, पुढची चाकं हलकी पडायची आणि खड्ड्याखड्ड्याला गाडी उसळायची. आल्फ्रेड आन्नाला शेजारी बसवून एक फेरी मारायला गेला, तेव्हा तिच्या हातातल्या स्टीलच्या ग्लासातलं पाणी मांडीवर सांडलं.

कळ दाबत ती म्हणाली, "सांडलं तर पुसता येतं. दुखलं तर पेनकिलर आहे. उद्याच निघू या."

"एकदा नीट होऊ दे. मग निघू."

नीट करणारी वस्तू म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, गाडी आणि कॅम्पर यांच्यामधला जोड. तिचे दोन पोलादी दांडे कॅम्परचा भार पुढच्या चाकांपर्यंत वाटून देतात. दांडे कमजोर निघाले तर गाडी बसते, फार ताठ निघाले तर हादरे देते. आणि हादरा बसणार आन्नाच्या पाठीला. मग आल्फ्रेडला कुठली हिच पसंत पडणार? जून माहितीपत्रकं चाळण्यात गेला. जुलैत तो भरलेला कॅम्पर तीनदा वजनकाट्यावर घेऊन गेला, त्यात एकदा तांदळाचा डबा घरी राहिला म्हणून.

"अंकल, या दोन हिचपैकी कुठलीही चालेल. जस्ट पिक वन!" दुकानातला क्लेटन कंटाळून म्हणाला. तोही वसईचाच.

आल्फ्रेडने मान डोलावली आणि चौथ्यांदा वजन करायला निघाला. प्रेमच होतं ते, नाही कोण म्हणतं? पण आन्नाला प्रेम नको होतं, समुद्र हवा होता. ऑगस्टअखेर तिने भरलेली बॅग स्वतःच रिकामी केली. त्याला ते कळलंही नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हिच बसली. त्याच आठवड्यात आन्ना हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही.

पुढच्या जूनमध्ये तो एकटाच निघाला. तिच्या सीटजवळच्या खाचेत तिचा ग्लास ठेवला, बोटभर कमी भरून. सतराशे किलोमीटर कॅम्पर गुणी बैलासारखा मागून चालत आला. किनाऱ्यावर गाडी थांबवून त्याने पाहिलं, ग्लासातला थेंबही सांडला नव्हता. इतकं अचूक काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, आणि त्याला त्याची लाज वाटली.

काच खाली करताच खारा वारा आत आला. त्याने ग्लास उचलला, तिच्या सीटवर उपडा केला आणि खिशातल्या रुमालाने पाणी पुसलं. पुसायला अर्धं मिनिटही लागलं नाही.