बत्तीस घालणारे अप्पा

आमच्या बोरीत शिवलिंगअप्पांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या भांड्यांच्या दुकानात गादी होती, पण तिच्यावर मांजर बसायचं. अप्पा दारात उभे, कधी या पायावर, कधी त्या. टीव्हीवर तापमान सांगितलं, की दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीशी येऊन मला हाक मारायचे.

"पंचेचाळीस म्हणायलाय ह्यो! पंचेचाळीस तर थर्ड क्लासचे मार्क झाले. आपल्या उन्हाची बेइज्जती हाय ही. फॅरनहाइटमधी सांग."

मी कागद शोधेपर्यंत ते मोकळे व्हायचे. "दुप्पट कर, नव्वद. दहावा हिस्सा काढ, एक्क्याऐंशी. बत्तीस घाल. एकशे तेरा! आता कसं ऊन वाटायलंय." वर ठरलेला दम असायचा, "बत्तीस इसरू नको. बत्तीस इसरला, की जिता माणूस गार पडतो."

रीत बरोबर होती. मी ताडून पाहिली होती. त्यांची घाई तेवढी मला सोसायची नाही.

मागच्या मे महिन्यात दोन दिवस हाक आली नाही. दुसऱ्या दुपारी मला घरात चैन पडेना, म्हणून गेलो. अप्पा बाजेवर आडवे होते. पाय मात्र हलत होते. जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला होता. मुलीनं पाठवलेला नवा काकूंच्या हातात होता.

"एकोणचाळीस पॉइंट आठ," काकू म्हणाल्या. "शंभराच्या लय आत हाय. ताप न्हाई, थकवा हाय नुसता."

"काकू, हा सेल्सिअसमध्ये दाखवतो."

"त्ये बी केलं की ह्यांनी. इचारा."

अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "एकाहत्तर पॉइंट सहा. गार हाय मी. जा घरी."

मी मनात मांडलं. दुप्पट एकोणऐंशी पॉइंट सहा. दहावा हिस्सा गेला, एकाहत्तर पॉइंट सहा. अप्पा तिथंच थांबले होते. मी बत्तीस घातले. एकशे तीन पॉइंट सहा. तापापेक्षा त्या राहून गेलेल्या बत्तिसाची मला धास्ती वाटली.

शेजारची जीप काढली. ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. परभणी येईपर्यंत मी तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आपलं गणित चुकलेलं असावं असं वाटत होतं.

अप्पा वाचले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "किती व्हता?"

"एकशे तीन पॉइंट सहा."

त्यांनी ओठ हलवत हिशेब उलटा केला. "बत्तीस मीच इसरलो व्हय रे?"

"इसरलात," काकू म्हणाल्या. "वर बघाय आलेल्या ह्या शेजाऱ्यालाच घरी जा म्हणलात."

त्यानंतर अप्पा गादीवर बसू लागले. मांजर पायरीवर आलं. टीव्हीवर आकडा आला, की भिंतीपलीकडून "तू कर" म्हणायचे. मी मोठ्यानं करायचो आणि दहावा हिस्सा काढून मुद्दाम थांबायचो. "आन् बत्तीस," ते हळूच म्हणायचे.

यंदा थंडीत अप्पा झोपेतच गेले. परवा टीव्हीवर चव्वेचाळीस सांगितलं. सवयीनं भिंतीशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "दुप्पट अठ्ठ्याऐंशी. दहावा हिस्सा गेला, एकोणऐंशी पॉइंट दोन." आणि थांबलो.

पलीकडे भांडी घासण्याचा आवाजही थांबला.

"आन् बत्तीस," काकू म्हणाल्या.