रफूवालीचा डावा डोळा

परवा फोनवर तू म्हणालीस, "वन्सं, माझ्याबद्दल काय लिहिण्यासारखं आहे? कोट फाटतात, मी सांधते." बरं. आता हे वाच आणि मध्ये बोलू नकोस. 'तू' म्हणत सांगायला गेले तर दर वाक्याला "तसं नव्हतं हो" म्हणून अडवशील. म्हणून इथून पुढे तू 'ती' आणि मी नुसती तिची नणंद.

ती रफू करते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, आतल्या बाजूला, खिडकीला टेकवलेल्या टेबलाशी, तीस वर्षं. सिगरेटने जळलेली बाही असो की कसर लागलेली कॉलर, त्याच कपड्याच्या शिवणीतून ती धागे उपसते आणि भोकावर उभे-आडवे असे विणते की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारतं, "बाई, भोक होतं कुठे?"

"मलाही आता सापडत नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. दुकान त्यावर तीस वर्षं हसतंय.

एका सकाळी कापडातले उभे धागे वाकडे दिसायला लागले. दाराच्या चौकटीला पोट आलं. महिनाभर ती डावा डोळा मिटून काम करत राहिली आणि कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. मग नणंदेच्या कोटाच्या बाहीवर तिने केलेला रफू चक्क दिसला.

"हे तू केलंस?" नणंदेने विचारलं, आणि कधी न रडणारी बाई खुर्चीत बसून रडली.

पहिला डॉक्टर वाईट नव्हता, घाईत होता. बाहेर चाळीस माणसं बसलेली. "काही औषधं घेता?" "नाही." त्याने डोळ्यात दिवा मारला आणि सांगितलं, "पडदा झिजलाय. वय झालं की होतं. उपाय नाही, सवय करा. बारीक काम बंद." वर दिव्याचं मोठं भिंग घ्यायला सांगितलं. तिने ते घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, खूप केलंस, आता आराम कर," जणू बक्षीसच देतोय. तिने सुयांचा डबा कपाटावर टाकला आणि आठ दिवस घर घासलं. चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावले.

नवव्या दिवशी नणंदेला फोन. "वन्सं, डॉक्टर चुकलेत."

"तू डॉक्टरकी कधी शिकलीस?"

"झिजलेलं कापड मला कळतं. धागा विरतो, आरपार दिसतं. मला दिसणाऱ्या रेघा विरलेल्या नाहीत. शाबूत आहेत, नुसत्या वर उचलल्यात. अस्तराखाली काही अडकलं की कापड फुगतं ना, तसं."

नणंद म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

"पहिल्यांना राग येईल."

"त्यांचा राग गेला चुलीत. डोळा तुझा आहे."

दुसरी डॉक्टर तरुण मुलगी, केस विस्कटलेले. अस्तराची गोष्ट ऐकून ती हसली नाही. लगेच डोळ्याचा स्कॅन काढला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "तुमचं खरं निघालं. पडदा झिजलेला नाही, त्याच्याखाली पाणी साचलंय. पण का? स्टेरॉइडचं काही घेता? दम्याचं, सांध्यांचं?"

"डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही मी."

ते खरंच होतं. डॉक्टरने सहीला कागद पुढे केला आणि सही करणारी बोटं बघत राहिली. कातडी कागदासारखी पातळ, चकचकीत. "बोटांना काय लावता?"

"मलम. भेगाळल्या बोटाला रेशीम अडकतं."

"कुठाय?"

तिने पर्समधून सुयांचा डबा काढला. आज सकाळीच तो कपाटावरून उतरवला होता, का ते नणंदेला विचारावं लागलं नाही. खडू, कात्री, सुया आणि मधोमध पिळवटलेली ट्यूब.

डॉक्टरने ट्यूब वाचली. "हे स्टेरॉइड आहे. फार तर दोन आठवडे लावायचं असतं, जास्त झालं की डोळ्यात असं पाणी साचू शकतं."

"अकरा वर्षं लावतेय. दिवसातून चार वेळा."

"मग औषध नाही काय म्हणता!"

"हे औषध कुठलं? हे सामान आहे. कात्रीसारखं."

नणंदेने कपाळावर हात मारला.

मलम हळूहळू सुटलं. बोटांना आता काम संपल्यावर तेल. आधी लावलं तर कापडाला डाग. "सगळ्यांचंच पाणी आटतं असं नाही," डॉक्टरने बजावलं होतं. तीन महिने ती रोज उठून आधी चौकटीकडे बघायची. चौथा महिना लागला तेव्हा चौकट ओळंब्यात उभी होती. स्कॅनही कोरडा.

ती तिथून तडक दुकानात गेली. एका वकिलाचा काळा कोट लटकत होता. काळ्यावर काळा रफू, भल्याभल्यांना घाम फुटतो. तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून तो दुपारपर्यंत हातावेगळा केला. वकिलाने कोट खिडकीत धरला, उलटला, सुलटला.

"बाई, भोक होतं कुठे?"

"मला बरोब्बर दिसतंय," ती म्हणाली. "पण तुम्हाला दाखवणार नाही."

आता मध्ये बोललीस तरी चालेल. काय विचारणार आहेस ते ठाऊक आहे. ते भिंग चष्म्याच्या दुकानात परत करायला तू माझ्याकडे दिलंस, दुकान माझ्या वाटेवर म्हणून. केलं नाही. पेपर वाचायला बरं पडतं. आणि नाही, मी डोळे दाखवलेले नाहीत.