ओटा आत घेणारे काकाजी

काकाजी माणसाची पारख त्याच्या बसण्यावरून करत. ओट्यावर आलेला माणूस भिंतीला पाठ टेकून बसला, की ते पाणी मागवत. ताठ बसला, तर हळूच म्हणत, "हा काम सांगून जाईन. बसाले आलाच नाई."

हिंगणघाटच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या विटांच्या इमारतीत, वरच्या खोलीत, मी शिवणवर्ग चालवत असे. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. खाली काकाजींची कापसाची अडत, मागे गोदाम आणि पुढे रस्त्यालगत लांब ओटा. इमारतीला कोरीवकाम वगैरे काही नव्हतं. त्यांच्या आजोबांनी ती बांधली, तेव्हापासून विटांवर गिलावा चढला नव्हता. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी दर्शनी भिंत धुवायची आणि सांध्यांतला गळालेला चुना भरायचा, एवढीच देखभाल. मी एकदा सुचवलं, "काकाजी, पांढरा रंग दिला तर शोभेल."

"बाई, तुमच्या पोरी पावडर लावून शिवाले बसतात काय? मंग माह्या भिंतीलेच काऊन?"

बाजाराच्या दिवशी ओटा भरून जाई. गाड्यांबरोबर आलेल्या बाया तिथेच भाकरी सोडत, पोरं निजवत. त्यांतल्या निम्म्यांचा कापूस दुसऱ्याच अडत्याकडे गेलेला असे. मुनीमजींना ते खुपायचं. काकाजी म्हणायचे, "माल त्यायचा, भूक त्यायची. सावली तेवढी आपली हाय."

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. पेठेतले सगळे ओटे तुटणार होते. काकाजींचा मुलगा बापू कामाला तरबेज. तो म्हणाला, "बाबा, ओटा जाऊनच राह्यला, तर पुढची भिंतही पाडू. सिमेंटचे गाळे काढू, लोखंडी शटरं लावू." काकाजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी कोणाची चेष्टाही केली नाही. मला काळजी वाटली.

एके दिवशी जिना चढून वर आले आणि दारातूनच विचारलं, "बाई, पोरीचा झगा तंग झाला तर तुमी काय करता?"

"आत दाबलेलं कापड सोडते."

"बस," म्हणाले आणि उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. काकाजींच्या पेढीची खोली तीन कमानींमागे होती. त्या कमानींची लाकडी दारं त्याने काढली. गादी, तक्के, तिजोरी उचलून जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली. बाहेरचा ओटा तुटला, पण भिंत आणि कमानी जागच्या जागी राहिल्या, आणि पेढीची खोली रस्त्याला मोकळी झाली. बापू भडकला. "लोक काय म्हणतीन? शेठ जिन्याखाली बसते?"

"म्हणू दे. जिना आपलाच हाय ना!"

पहिल्या बाजारी लोक आले आणि उन्हातच उभे राहिले. वर्षानुवर्षं त्या खोलीच्या उंबऱ्याशी त्यांनी वहाणा काढल्या होत्या, तिथे भाकरी कशी सोडणार? मी खिडकीतून पाहत होते. काकाजी जिन्याखालून उठले, पायांतल्या जोड्यांसकट खोलीच्या मधोमध गेले आणि उघड्या फरशीवर मांडी घालून बसले. घरून आलेला डबा उघडला. "या न बे! का पत्रिका वाटू?" एक म्हातारी हसली आणि आत शिरली. मग सगळेच शिरले.

पुढे तीन-चार हंगाम काकाजींनी जिन्याखालीच काढले आणि तिथूनच एका उन्हाळ्यात ते गेले.

तेरावा झाल्यावर बापू ठेकेदाराला घेऊन आला. मी मनातल्या मनात नवी जागा शोधायला लागले होते. तो बाजाराचा दिवस होता. बापू कमानीत उभा राहून टेपाने माप घेत होता. आत एक बाई लेकराला थोपटत बसली होती. तिला हा कोण, ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "जरा बाजूले होजो ना भाऊ. वारं अडून राह्यलं लेकराचं."

बापू बाजूला झाला. मग त्याने टेप गुंडाळला आणि ठेकेदाराला म्हणाला, "चाला, चहा घेऊ."